‘ळ’ असलेले शब्द सांगा पाहू! अक्षरांवरून शब्द शोधण्याची रीत

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, मी लिफ्टशेजारच्या फलकावर एक शब्दकोडं लावते. पहिल्याच वर्षी घोळ झाला. ‘स्टेशन’साठी मी तीन घरं आखली होती. तिसरीतल्या एका मुलीने ‘स्’ला एक घर दिलं, ‘टे’ला दुसरं, आणि मग तिला चौथं घर हवं झालं. ‘डोंबिवली’च्या चार घरांशी एक आजोबा बराच वेळ थांबले होते, कारण त्यांना अनुस्वारासाठी वेगळं घर हवं होतं. दोघांचंही चुकलं नव्हतं. एका घरात काय मावतं हे मीच कुठे लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून कोडं रचताना, सोडवताना, भेंड्या लावताना किंवा मुलांशी नाव-गाव-फळ-फूल खेळताना शब्द कसे शोधायचे, याची माझी एक रीत बसत गेली. वही-पेन्सिलीवर ती चालते, संगणकावरही चालते. इंग्रजी खेळांसाठी अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारी साधनं पुष्कळ आहेत. त्यांची पद्धत मराठीला जशीच्या तशी लावली तर पहिल्याच पावलावर अडायला होतं. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

आधी ठरवा: ‘अक्षर’ म्हणजे काय धरायचं?

इंग्रजीत सव्वीस अक्षरं, प्रत्येकाला एक घर, विषय संपला. मराठीत ‘क असलेला शब्द’ म्हटलं की तीन अर्थ निघतात. एक, नुसता ‘क’, काना-मात्रा नसलेला, जसा ‘कमळ’मध्ये आहे. दोन, क हे व्यंजन कोणत्याही रूपात, म्हणजे ‘काकडी’, ‘कुंकू’, ‘चक्की’ सगळं चालेल. तीन, क कशाला तरी जोडलेला, जसा ‘वाक्य’मध्ये आहे.

शब्दकोड्यात रूढ रीत अशी की एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. या हिशेबाने ‘ठाणे’ दोन घरांचं, ‘तुर्भे’ही दोनच घरांचं, ‘ऐरोली’ तीन, ‘घणसोली’ चार, ‘कोपरखैरणे’ सहा. ‘स्त्री’ एका घरात मावते. ‘विद्यार्थी’ला तीन घरं पुरतात: वि, द्या, र्थी. मुलांना हे समजावताना मी टाळ्या वाजवायला लावते. एका टाळीत जेवढं लिहिलं जातं तेवढं एका घरात. ‘तु-र्भे’ला दोन टाळ्या. बोलताना मात्र आपण ‘तुर-भे’ असं तोडतो, म्हणजे र पहिल्या टाळीत जातो आणि लिहिताना तो दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. रफार असलेल्या शब्दांत मुलं इथेच चुकतात, म्हणून ‘सूर्य’, ‘पर्वत’, ‘गर्दी’ हे शब्द त्यांच्याकडून आधी लिहून घ्यावेत.

अक्षरांच्या ढिगातून शब्द बनवण्याच्या खेळात मात्र व्यंजनाचा नियम ठेवावा असं माझं ठाम मत आहे. म्हणजे व्यंजनं दिलेली, काना-मात्रा-अनुस्वार खेळाडूने हवे तसे लावायचे. अक्षरं जशीच्या तशी वापरायला लावली तर मराठीत शब्द फार थोडे निघतात आणि दहा मिनिटांत खेळ मरगळतो. कोणताही नियम घ्या, पण तो कागदाच्या माथ्यावर लिहा.

वहीवरची रीत: बाराखडी फिरवणे

समजा दोन घरं आहेत आणि दुसऱ्यात ‘ळ’ आलाय. आठवेल तसे शब्द लिहीत गेलात तर फळ, बाळ, वेळ एवढ्यावर गाडी थांबते. त्यापेक्षा पहिल्या घरात ‘क’ ठेवा आणि त्याची बाराखडी फिरवा: कळ, काळ, कीळ (नाही), कूळ, केळ, कोळ. मग ख: खळ, खीळ, खूळ, खेळ. ग: गळ, गाळ, गूळ. असं ह पर्यंत जा. चळ, चाळ, चूळ, छळ, जाळ, झोळ, टाळ, डाळ, तळ, ताळ, तीळ, धूळ, नळ, नाळ, नीळ, पळ, पीळ, बळ, मळ, माळ, मूळ, मेळ, राळ, लाळ, वळ, शीळ, शूळ, साळ. मग स्वरांकडे वळा, ‘ओळ’ सापडेल. शेवटी जोडाक्षरं, तिथे ‘स्थळ’ आहे. पंधरा मिनिटांत चाळीसच्या घरात शब्द जमतात, आणि त्यातले निम्मे तरी आपल्याला आधीपासून ठाऊक असतात, फक्त वेळेवर जिभेवर येत नाहीत. बाराखडी हे आपल्याकडचं शब्द शोधायचं जुनं यंत्रच आहे. शाळेत पाठ केलेली गोष्ट इथे कामाला लावायची.

बाराखडी फिरवताना मोठ्याने बोला. ‘शी-ळ’ कानावर पडलं की ‘शीळ घालणे’ आठवतं, नुसतं डोळ्यांनी वाचून आठवत नाही. तसंच, अर्थ माहीत नसलेला पण ओळखीचा वाटणारा शब्द खोडू नका. त्यापुढे प्रश्नचिन्ह करा आणि नंतर कोशात बघा.

तीन-चार घरांच्या शब्दांना ही रीत पुरी पडत नाही, इतके पर्याय फिरवत बसणं शक्य नसतं. तिथे शेपटीकडून शिरायचं. मराठी शब्दांची टोकं ठरावीक असतात. ‘ळू’वर संपणारं विशेषण हवं असेल तर दयाळू, मायाळू, लाजाळू, झोपाळू, कनवाळू. ‘ाळ’वर संपणारं: रसाळ, मधाळ, मवाळ, ढिसाळ, खट्याळ. ‘वट’ धरलं की सजावट, बनावट. ‘ीण’ धरलं की वाघीण, मैत्रीण. ‘दार’, ‘पणा’, ‘गिरी’, ‘खोर’ हे तर सगळ्यांना माहीत असतात. गावांच्या नावांनाही शेपट्या असतात, आणि नाव-गाव खेळताना त्यांचा फार उपयोग होतो. ‘ली’ म्हटलं की ऐरोली, घणसोली, डोंबिवली, ठाकुर्ली. ‘पाडा’ म्हटलं की सानपाडा, नौपाडा. ठाणे-वाशी गाडीत बसून मुलांना स्टेशनांची नावं मोजायला लावा, अर्धा तास सहज जातो. २०२४च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हा माझ्या वहीत ‘घ’च्या पानावर घणसोलीच्या जोडीला आणखी एक नाव आलं.

दुर्मीळ अक्षरं कुठे लपतात

र, त, न, क, ल, स, म, व ही अक्षरं शोधावी लागत नाहीत, ती कुठेही भेटतात. अडतं ते बाकीच्यांपाशी. त्यांच्या राहायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या एकदा कळल्या की शोध निम्म्यावर येतो.

‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही. ‘ण’नेही नाही. म्हणून तर भेंड्यांत ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’ आला की ‘न’ घ्यायचा अशी सूट घरोघरी असते. कोड्यात उभ्या शब्दाचं पहिलं घर आडव्या शब्दातल्या ‘ळ’वर येत असेल तर ती आखणी तिथेच सोडून द्या, पुढे काहीही केलं तरी जमणार नाही. ‘ळ’चं राज्य शब्दाच्या मधे आणि शेवटी आहे: हळद, कळस, पळस, वळण, ओळख, काळजी, साळुंकी, रांगोळी, आंघोळ, सकाळ, उन्हाळा, हिवाळा, पावसाळा.

‘ण’ दोन वाटांनी येतो. एक देशी वाट: पाणी, कोण, लोणी, खूण, आणि क्रियापदांचं ‘णे’. दुसरी संस्कृतची: शब्दात आधी र, ष किंवा ऋ येऊन गेला असेल तर पुढच्या ‘न’चा बऱ्याचदा ‘ण’ होतो. कारण, मरण, स्मरण, भाषण, ऋण, तृण. ही दुसरी वाट शोधाला फार सोयीची. घरांमध्ये आधी ‘र’ आणि शेवटी रिकामं घर दिसलं की ‘ण’ लावून बघायचा.

‘ष’ एकटा कमी फिरतो. ‘षटकार’, ‘षष्ठी’, ‘षड्ज’ असे थोडे शब्द सोडले तर तो सुरुवातीला येत नाही, आणि पुष्कळदा जोडीदाराबरोबर असतो. ‘ष्ट’ धरा: कष्ट, गोष्ट, दुष्ट. ‘ष्ठ’ धरा: निष्ठा, ज्येष्ठ, प्रतिष्ठा. ‘ष्ण’: उष्ण, तृष्णा. ‘ष्प’: पुष्प, बाष्प. ‘ष्य’: शिष्य, मनुष्य, भविष्य. या पाच जोड्या पाठ असल्या की ‘ष’ची भीती उरत नाही.

‘छ’ सुरुवातीला आला तर सोपा आहे: छत्री, छाप, छंद, छेद. मधे आला तर आधी ‘च्छ’ तपासा: इच्छा, स्वच्छ, गुच्छ, तुच्छ. ‘पिछाडी’सारखे शब्द आहेत, पण थोडे.

‘ढ’बद्दल गैरसमज आहे. ढग, ढाल, ढोल, ढीग, ढेकूण यांच्यापलीकडे शब्द नाहीत असं मुलांना वाटतं. ‘ढ’ खरा राहतो मधे. गाढव, दाढी, कढई, कढी, पेढा, वेढा, ओढा, काढा, वाढ, चढ, गढी, मेंढी, लोंढा, आषाढ. ‘ठ’चंही तसंच: ठाणे, ठसा, ठेव, ठिकाण हे झाले पुढचे, पण ओठ, काठ, पाठ, गाठ, मीठ, पीठ, मूठ, कंठ, सुंठ, कोठार, उठाव हे आधी आठवत नाहीत. ‘घ’साठी वाघ, माघ, ओघ, रेघ, अवघड. ‘ङ’ आणि ‘ञ’ सुटे शोधूच नका. आजच्या मराठी लेखनात त्यांचं काम अनुस्वार करतो.

शुद्धलेखन हीच चाळणी

कोडं सोडवणाऱ्याला शुद्धलेखनाचे नियम माहीत असतील तर ते शोधाची दिशा ठरवतात. महाराष्ट्रात १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यातले तीन नियम शब्दखेळात रोज कामाला येतात.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ. म्हणजे शेवटच्या घरात ‘वि’ किंवा ‘रु’ येणारच नाही, ‘वी’ आणि ‘रू’ येईल: कवी, गुरू. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे काही अपवाद लक्षात ठेवा. मात्र समासात संस्कृत शब्द आपला मूळ ऱ्हस्व परत घेतो, म्हणून ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिबळ’, ‘गुरू’ पण ‘गुरुवार’. उभ्या शब्दाला ‘द्धी’ हवा आणि आडव्यात ‘बुद्धिबळ’ असेल तर ते दोन शब्द तिथे एकमेकांना छेदू शकत नाहीत.

दुसरा नियम, शब्द अकारान्त असेल तर शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ: खीर, गरीब, फूल, वसूल. संस्कृतातून आलेल्या मधुर, मंदिर, गुण, विष यांना हा लागू नाही. आमच्याच मार्गावरचं ‘नेरूळ’ या नियमाने दीर्घ होतं, पण पाट्यांवर दोन्ही रूपं दिसतात, म्हणून गावाचं नाव कोड्यात घेताना मी त्या अक्षरावर दुसरा शब्द छेदू देत नाही.

तिसरा, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: किडा, विळी, पिसू. ‘नीती’, ‘भीती’ असे काही अपवाद आहेत.

अक्षरांचा ढीग: ‘कोपरखैरणे’मधून शब्द

हा खेळ मला सगळ्यात आवडतो, म्हणून एक उदाहरण सावकाश करून दाखवते. आधी अक्षरं जशीच्या तशी घेऊ: को, प, र, खै, र, णे. यातून कोर, कोप, कोपर, खैर, कोरणे, कोपणे निघतात. थोडंफार आणखी निघेल, पण ढीग लवकर आटतो.

आता फक्त व्यंजनं घेऊ: क, प, र, ख, र, ण. काना-मात्रा मोकळ्या. पहिलं पाऊल, शेपूट बाजूला काढायची. इथे ‘ण’ आहे, म्हणजे ‘णे’, ‘णी’ आणि ‘ण’ या तीन शेपट्या मिळाल्या. उरलेल्या क, प, र, ख, र मधून दोन-दोन उचलून तिच्यापुढे ठेवायची. प-र: पेरणी, पुरण, पारणे. क-र: किरण, कारण, करणी, कोरणे. र-ख: राखण. आता तीन उचला. ख-र-प: खुरपणी. प-ख-र: पोखरणे. हे दोन शब्द हाताला लागले की मुलं उड्या मारतात.

दुसरं पाऊल, ‘ण’ पूर्ण बाजूला ठेवून उरलेल्यांची जागा बदलत राहायची. पारख, पाखरू, खापर, खारीक, कापूर, कपार, कोपरा, खुरपे. तिसरं पाऊल, एकच व्यंजन दोनदा मिळालंय का ते बघायचं. इथे ‘र’ दोनदा आहे, आणि जोडाक्षर चालत असेल तर ‘कर्पूर’ बसतो, दोन्ही ‘र’ वापरून.

‘घणसोली’ घरी करून बघा. घ, ण, स, ल या चारच व्यंजनांत घसा, घास, घाण, लसूण, लोणी, लेणी, घासणे, सोलणे आहेत. सगळे शब्द मी इथे सांगत नाही.

संगणकावर शोधताना

शब्दांची मोठी यादी हाताशी असेल तर वेळ वाचतो. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्ससाठी मराठी शुद्धलेखन तपासणीचा जो शब्दसंग्रह मिळतो, त्यातली शब्दांची फाइल साध्या मजकुरासारखी उघडते, एका ओळीत एक शब्द. शब्दापुढे तिरपी रेघ आणि काही खुणा दिसल्या तर त्या काढून टाका. मग नोटपॅड प्लस प्लससारख्या मोफत संपादकात ती फाइल उघडून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ पद्धतीने, म्हणजे नेमका शब्द न देता शब्दाचा नमुना देऊन, शोधा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. संगणक आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. ‘मराठी’ हा आपल्यासाठी तीन अक्षरांचा शब्द, त्याच्यासाठी पाच खुणांचा: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. ‘स्त्री’ एक अक्षर, पण त्याच्या सहा खुणा. म्हणून ‘तीन लांबीचे शब्द दे’ असं सांगितलं तर तो भलतेच शब्द देतो. मराठी नीट मोजायची असेल तर नमुना असा लिहावा लागतो:

^[क-ह][ा-ौ]?ळ$

याचा अर्थ, ओळीची सुरुवात, मग एक व्यंजन, मग असलीच तर एखादी मात्रा, मग ‘ळ’ आणि ओळ संपली. फळ, बाळ, खेळ येतील, ‘सकाळ’ येणार नाही. जोडाक्षराने सुरू होणारे शब्दही हवे असतील तर:

^([क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?ळ$

आता ‘स्थळ’ही सापडेल. स्वराने सुरू होणाऱ्या ‘ओळ’साठी ^[अ-औ]ळ$ वेगळं चालवा. आणि नुसता, मात्रा नसलेला ‘क’च हवा असेल तर:

क(?![ा-्])

म्हणजे असा ‘क’ ज्याच्यानंतर मात्रा किंवा पायमोडणी नाही. ‘कमळ’ येईल, ‘चक्की’ येणार नाही.

दोन सापळे सांगते, कारण मी दोन्हींत अडकले होते. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले शब्द हाती लागत नाहीत. ‘ॲ’चंही तेच, जुन्या मजकुरात तो ‘अ’वर चंद्र लावून दोन खुणांत लिहिलेला असतो. दोन्ही रूपांनी शोधा. तिसरी गोष्ट सापळा नाही, पण गोंधळवते: छापील वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, संगणकाच्या अक्षरतक्त्यात मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे बसतो. यादी वर्णक्रमाने लावली आणि ‘फळ’ अपेक्षित जागी दिसला नाही, तर कारण हे असतं.

कोशात पडताळणं

वहीत प्रश्नचिन्ह केलेले शब्द कोशात बघायचे. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कोश हातात धरून चाळायचे असतील तर ठाणे स्टेशनजवळ मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ साली सुरू झालेलं. कोशाचं पान उघडलं की शेजारचे दहा शब्द फुकट मिळतात, आणि माझ्या वहीतले कितीतरी शब्द असे शेजारून आलेले आहेत.

जुन्या कोशात शोधताना लेखन जुनं असतं हे विसरू नका. ‘गाव’ टाकून सापडला नाही तर ‘गांव’ टाका, ‘नाव’ नसेल तर ‘नांव’. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधीच्या कोशांत ते आहेतच. ‘कवी’सारखे संस्कृत शब्द तिथे ऱ्हस्वान्त सापडतील.

मान्य-अमान्य शब्दांबद्दल खेळाआधीच बोलून घ्या. आमच्याकडे मूळ रूप चालतं, अनेकवचन चालतं, क्रियापदाचं ‘णे’ चालतं. विभक्ती लागलेली रूपं, ‘घराला’, ‘झाडावर’, चालत नाहीत. विशेषनामं फक्त गावांची, तीही ठाणे जिल्ह्यातली. ही शेवटची अट मुलांनी घातली आणि ती मी ठेवली, कारण तिच्यामुळे पोरं गाडीच्या खिडकीतून पाट्या वाचायला लागली.

कोडं फलकावर लावायच्या आदल्या संध्याकाळी ते घरातल्या कुणाला तरी, शक्यतो कोड्याशी संबंध नसलेल्याला, सोडवायला द्या. तो जिथे दोन उत्तरं काढेल तिथली एक तरी छेदणारी ओळ बदला. मग घरांच्या वर पहिली ओळ लिहा: ‘एका घरात एक पूर्ण अक्षर, जोडाक्षर आणि अनुस्वारासकट.’